मी न वाचलेला लेख

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. त्याला वाटतं, त्या वर्षी माझी तब्येत बरी नव्हती म्हणून मी गप्प गप्प असायचे. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही — म्हणून जमतंय का बघते.

मी नगरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. (जिल्ह्याचं नाव बदललं, पण तोंडातलं नगर काही जात नाही.) पीएच.डी.च्या मुलांना संशोधन कसं लिहायचं, याचे तासही माझ्याकडेच असतात. संदर्भ कसा द्यायचा — लेखकाचं आडनाव, साल, लेखाचं शीर्षक, जर्नलचं नाव, खंड, पान. आणि शेवटी माझं ठरलेलं वाक्य: जो लेख स्वतः वाचला नाही, त्याचा संदर्भ द्यायचा नाही. मुलं लिहून घेतात. हे वाक्य ही बाई बोलते कशी, असं तुम्ही थोड्या वेळानं विचाराल. सवयीनं बोलते.

माझी स्वतःची पीएच.डी. बाजरीच्या बियाण्यावर. पेरणीआधी बी एका द्रावणात भिजवलं तर कोरड्या जमिनीतही उगवण वाढते, असं मला म्हणायचं होतं. त्याला आधार हवा होता. एका जुन्या थिसिसमध्ये एका परदेशी लेखाचा उल्लेख सापडला — अगदी मला हवा तसा. मूळ लेख आमच्या लायब्ररीत नव्हता. पुण्याला जाऊन शोधता आला असता. गेले नाही. त्या थिसिसमधली ओळ उतरवून घेतली, उतरवताना पानाचा आकडाही चुकवला — एकशे बाराचं एकशे एकवीस — आणि पुढे गेले. सगळेच तसं करायचे. हे मी सबब म्हणून सांगत नाही — नाही, सबब म्हणूनच सांगत होते. खोडा ते.

त्या ओळीवर माझी डिग्री झाली, पेपर छापून आले. पुढे माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या थिसिसमध्ये ती ओळ असायची. गाईडचे संदर्भ विद्यार्थ्यानं निमूट घ्यायचे, ही आमच्याकडची रीतच आहे. न घेणं म्हणजे गाईडला उलट बोलणं.

मग सुनीता आली. पाथर्डीकडची. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. हुशार होती असं म्हणत नाही, हुशार पुष्कळ असतात. ही चिवट होती. तिनं त्या लेखाच्या लेखकालाच ई-मेल करून लेख मागवला आणि त्याची प्रिंट घेऊन माझ्या केबिनमध्ये आली.

"मॅडम, ह्यात तर उलटंच दिलंय. कोरड्या जमिनीत उगवण कमी झाली म्हणत्यात. अन् पान बी एकशे बारा हाय."

तिला वाटलं होतं, मला आनंद होईल. चेहऱ्यावर तसंच होतं — काहीतरी सापडल्याचं. ते आठवलं की मला अजून एका जागी बसवत नाही. तिचे स्वतःचे प्रयोगही तेच सांगत होते, आणि थिसिसमध्ये तिनं सगळं नीट दुरुस्त करून लिहिलं होतं. पण माझी प्रोफेसरपदाची मुलाखत तोंडावर आली होती. माझ्याच विद्यार्थिनीनं माझे पेपर खोटे ठरवायचे — तेव्हाच? मी प्रिंटकडे पाहिलंही नाही. म्हटलं, होतं तसं परत कर, नंतर बघू. तिनं का म्हणून विचारलं नाही. तिला माझी सही लागणार होती.

व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकी तीच ओळ काढली. मूळ लेख त्यांना चांगला ठाऊक होता. हा लेख कधी पाहिला तरी आहे का, त्यांनी तिला विचारलं. समोर प्राचार्य, माझे सहकारी, मागे बाकीची मुलं. सुनीतानं माझ्याकडे पाहिलं. प्रिंट तिच्या पिशवीत होती, मला माहीत होतं. ती काढणार नाही, हेही माहीत होतं. बोलायचं मी होतं. सर, चूक माझी आहे — एवढं म्हणायला काय लागतं?

मी बोलले. म्हणाले, "हल्लीची मुलं मूळ लेख वाचतच नाहीत, सर. मी सांगून थकले."

काही जण हसले. सुनीता म्हणाली, "चुकलं माझं, सर."

थिसिस परत आला. दुरुस्त करून पुन्हा देता आला असता, पण चुकीचा संदर्भ कसा आला याचा खुलासा गाईडनं लेखी द्यायचा होता. काय लिहिणार होते मी? ती फोन करायची. मी आज बघते, उद्या बघते म्हणत राहिले, आणि मुदत निघून गेली. तिची डिग्री तिथंच संपली. माझी मुलाखत चांगली झाली.

एकदा तिचे वडील सावेडीला आमच्या घरी आले. पिशवीत बाजरी आणली होती. पोरीचं नेमकं काय चुकलं, एवढंच विचारायचं होतं त्यांना. मी म्हणाले, वाचन कमी पडलं.

त्यांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग म्हणाले, "वाचायची तर लई वो, मॅडम."

मी चहा दिला. ते गेले. त्यांची बाजरी आम्ही खाल्ली.

सुनीता आता सुप्याला एका कारखान्यात पॅकिंगला आहे, असं कळलं. पुण्याला जाताना सुपा आलं की मी डोळे मिटून घेते, शेजारच्याला वाटतं डुलकी लागली.

गेल्या उन्हाळ्यात तो लेख अखेर वाचला. छोटासाच आहे, चहा निवायच्या आत संपला. ती म्हणाली होती, ते शब्दन् शब्द खरं होतं. त्यानंतर एका लांबच्या विद्यापीठातून थिसिस तपासायला आला, त्यातही माझी ओळ होती — पान एकशे एकवीस. मी त्यावर खूण केली नाही. जर्नलला चार ओळींची दुरुस्ती पाठवता येते. मी पाठवलेली नाही, आणि स्वतःला ओळखते, पाठवणारही नाही.

आणखी एक. सुनीता हे तिचं नाव नाही. लिहायला बसले तेव्हा स्वतःला सांगितलं, तिला त्रास नको म्हणून बदलतेय. तसं नाहीये. तिचं खरं नाव घातलं तर नगरमध्ये कुणीही मला ओळखेल. चूक तिनं शोधली होती, आणि इथंही मी तिचा संदर्भ दिलेला नाही.