मामांची चुकलेली सभा

‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द कधीच न उच्चारलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. मामा मूळचे धुळ्याकडचे. सिल्वासाजवळ राखोलीच्या एका धाग्याच्या कारखान्यात ते फिटर होते, पण त्यांचा खरा पेशा रस्ता सांगण्याचा. नाक्यावर कोणी नुसतं इकडेतिकडे बघत उभं राहिलं, तरी मामा रस्ता ओलांडून जायचे आणि डावा हात कमरेवर ठेवून उजव्या हातानं त्याला कुठेतरी पाठवून द्यायचे. कुठे, याला फारसं महत्त्व नसे. एकदा राखोलीतल्याच एका लग्नाचा अख्खा बँड त्यांनी पार दुसऱ्या टोकाच्या अथालला धाडला आणि नवरदेव दोन तास घोड्यावर ताटकळला. मी विचारलं तर म्हणाले, “माणूस विश्वासानं विचारतो भो. त्याला नाही कसं म्हणायचं?” स्वतः मात्र त्यांनी कोणाला पत्ता विचारल्याचं मी कधी ऐकलं नाही.

मामा प्यायचे. हे मी जरा उशिरा सांगतो आहे, कारण आम्ही घरातसुद्धा ते असंच उशिरा सांगायचो. पिऊन ते आरडाओरडा करत नसत. उलट अतोनात सभ्य होत. एरवी सगळ्या जगाला ‘ए भो’ म्हणणारे मामा संध्याकाळी सातनंतर समोरच्याला ‘आपण’ म्हणू लागत. विजेच्या खांबाला धक्का लागला तर थांबून त्याची माफी मागत. आमच्या मांजरीला ‘या, बसा’ म्हणून स्वतः खुर्चीवरून उठत. आम्ही हसायचो. मामी हसत नसत. मग एके दिवशी कारखान्यात मामांचे हात इतके थरथरले की हातातला पाना चालत्या मशीनमध्ये पडला. कोणाला लागलं नाही, पण बातमी त्यांच्या आधी घरी पोचली. मामींनी बॅग भरली आणि त्या धुळ्याला लेकीकडे गेल्या. जाताना भांडल्या नाहीत. फक्त स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून गेल्या : साखर, मीठ, चहा.

पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता मामा माझ्या दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी आणि हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेलं.

“जावईबापू, स्कूटर काढा. एका ठिकाणी जायचंय.”

कारखान्याच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की दारू सोडू पाहणारी माणसं दर रविवारी दहा वाजता टोकरखाड्यात एका हॉलमध्ये जमतात. मामांनी पत्ता लिहून घेतला नव्हता, हे सांगायला नको. आमच्या सिल्वासात दारू कुठे मिळते हे कोणालाही विचारावं लागत नाही. शेजारच्या गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे रविवारी तिकडून गाड्या भरभरून येतात आणि दुकानांच्या पाट्या लांबूनच दिसतात. सोडायच्या जागेला मात्र पाटीच नव्हती. मामा मागून ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ करत राहिले आणि एकाच पाणीपुरीच्या गाडीसमोरून आम्ही तीनदा गेलो.

“मी विचारतो ना कोणाला तरी,” मी म्हणालो.

“काय विचारणार? कसली मीटिंग म्हणून सांगणार?” त्यांनी माझा खांदा इतका घट्ट धरला की मी स्कूटर चौथ्यांदा वळवली.

शेवटी एका सोसायटीच्या तळमजल्यावर खुर्च्या मांडलेल्या दिसल्या. वीसेक माणसं, सगळ्यांचे चेहरे गंभीर. “हीच,” मामा म्हणाले आणि आत शिरले. समोर सत्तरीचे एक गुजराती काका हातात कागद घेऊन काहीतरी वाचत होते. ते श्वास घ्यायला थांबले, तेवढ्यात मामा हात जोडून उभे राहिले.

“नमस्कार. मी पितो. बावीस वर्षं झाली. बायको घर सोडून गेली. हात थरथरतात. आता काय करायचं, मला माहीत नाही.”

सगळ्या माना मामांकडे वळल्या. मग पुढच्या रांगेतल्या एक बाई हळूच म्हणाल्या, “भाईसाहब, ये तो पानी की टंकी की मीटिंग है.”

सोसायटीची टाकी गळत होती. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. मामा हात जोडून तसेच उभे होते. खाली बसायचं असतं हेही त्यांना सुचत नव्हतं. गुजराती काकांनी चष्मा काढला, कागद शेजारच्याकडे दिले आणि चपला पायात सरकवल्या.

“चलो भाई,” ते सगळ्यांदेखत म्हणाले. “वो हॉल पीछे की गली में है. दस बजे शुरू होगा, मैं हर इतवार वहीं जाता हूँ.”

खुर्च्यांमधून कुजबुज उठली. फाटकाशी आल्यावर ते मोडक्यातोडक्या मराठीत मला म्हणाले, “नऊ वरस झाला मला दारू सोडून. इथे कोणाला ठाऊक नव्हता.” मग स्वतःशीच हसले. “आता टाकीचं कोणी नाय बोलणार.”

एका रविवारात काही होत नसतं. मामा दोनदा घसरले. दुसऱ्यांदा तर तीन आठवडे घराबाहेर पडेनात, तेव्हा काकाच राखोलीला येऊन त्यांना हाताला धरून घेऊन गेले. हळूहळू संध्याकाळीही मामा ‘ए भो’ म्हणू लागले, आणि दिवाळीनंतर मामी परत आल्या. मी दर रविवारी त्यांना सोडायचो आणि हॉलबाहेरच्या पायरीवर पेपर वाचत बसायचो. आतून कधी रडू ऐकू यायचं, पण पुष्कळदा हसू. अगदी पोट धरून हसावं तसं. एकदा न राहवून विचारलं, “मामा, एवढं काय हसता हो आत?”

त्यांनी माझ्या हातातला पेपर घेऊन त्याची घडी घातली. “आतलं आतच ठेवायचं असतं, जावईबापू,” म्हणाले, आणि स्कूटरवर बसले.

यंदा निवृत्त होऊन ते धुळ्याला गेले. तिथेही अशी एक जागा सापडली म्हणतात. परवा रविवारी त्या गल्लीतून जाताना मी सहज स्कूटर थांबवली. आतून तसाच हसण्याचा आवाज आला. त्यात मामांचं हसू नव्हतं, हे मला बाहेर पायरीपाशी उभं राहूनही कळलं.