जिनिंगच्या भिंतीवरचे तीन गोल

केळझरच्या रस्त्यावर आमच्या कापूस सोसायटीची जिनिंग आहे, कापसातून सरकी काढायचा कारखाना. मी शाळेत दुसरीपर्यंत गेले, तेही मास्तर येतील त्या दिवशी. पाटी वाचायला मला अर्धी दुपार लागते. पण जिनिंगच्या भिंतीवरचं चिन्ह लांबूनच ओळखते. निळ्या चौकोनात तीन पांढरे गोल, एकमेकांना टेकलेले, बस. देवी नाही, गाय नाही, अक्षर नाही. साठेक वर्षांमागे सोसायटीनं मुंबईच्या कोण्या चित्रकाराकडून ते काढून आणलं, तेव्हा सारं गाव हसलं. म्हणे, कापसाच्या जागी लाडू काढून आणले! हळूहळू तेच लाडू आमची ओळख झाले.

भिंतीवर ते पहिल्यांदा काढलं बंडूजी पेंटरनं. आता त्यांची सून कोकिळा रंगवते, माझी शेजारीण. म्हणजे काय, दरसाल जुन्या रेघेच्या आत रंग भरते, रेघ सासऱ्याचीच. यंदा बंडूजींना लकवा झाला. उजवा हात गेला, बोलणं अडकलं. त्यात दिवाळीच्या सफाईत मजुरांनी हौसेनं अख्खी भिंत चुन्यानं पोतून टाकली. रेघच गेली.

सोसायटीचे सेक्रेटरी प्रभाकरराव येऊन बजावून गेले, "कोकिळाबाई, उद्या खरेदी सुरू होते. जमत नसन तं सांगा, वर्ध्याहून फ्लेक्स आणतो. अध्यक्षसाहेबाचा फोटोही बसन त्याच्यावर."

"एकदा फ्लेक्स लागला की मले कोन बोलावते, मावशी?" कोकिळा मला म्हणाली. खरंच होतं. ही भिंत पाहूनच लोक तिला बाकीची कामं देत.

दुपारी डबा घेऊन गेले, तर ही शिडीवर, भिंतीवर तळवा फिरवत. खाली खुर्चीत तिचे मामाजी, म्हणजे सासरे बंडूजी.

"काऊन वं, भिंतीले मालिश करून राह्यली काय?"

"भोक शोधून राह्यली, मावशी. मामाजी मधात खिळा ठोकत अन् सुतळी बांधून गोल फिरवत. नवीन होती तवा मीच तो खिळा धरत होती. चुन्याखाली भोक तं असनच ना!"

खालच्या दोन गोलांची भोकं सापडली. वरच्याचं नाही, तिथं सिमेंटचा नवा गिलावा होता. कोकिळानं त्या गिलाव्यावर पुन्हा पुन्हा नख मारून पाहिलं. बंडूजींनी डावं बोट उचललं, एका भोकाकडून दुसऱ्याकडे नेलं, मग वर.

तिच्या ध्यानात आलं, गोल एकमेकांना टेकलेले, म्हणजे तिन्ही भोकांमधलं अंतर सारखंच. मग दोन्ही भोकांत खिळे ठोकले आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत सुतळी ताणली. तेवढीच सुतळी या खिळ्यावरून वर फिरवून खडूनं रेघ ओढली, मग त्या खिळ्यावरून. दोन रेघा जिथं एकमेकींना छेदल्या तिथं तिसरा खिळा. सुतळी दुमडून अर्धी केली आणि तीनही गोल ओढले. कोपऱ्यात निळ्या रंगाचा एक पातळ हात मारून खाली उतरली.

"बराबर आलं काय, मामाजी?"

मला विचारलंच नाही. त्यात चूक नाही, मी तर भोपळ्यालाही छान म्हटलं असतं.

बंडूजींचा अर्धा चेहरा हलतच नाही, त्यावरून काही समजेना. त्यांनी एक डोळा मिटला. डावा अंगठा समोर धरून एकेक गोल मापला. वरच्या गोलावर फार वेळ थांबले. कोकिळानं माझा दंड इतका आवळला की बांगडी रुतली.

"निळा," ते कसेबसे बोलले, "घट्ट... कर." गोलांत काही खोट काढली नाही.

"आत्ता करतो, मामाजी!" म्हणत ती रंगाच्या डब्याकडे पळाली.