लावून ठेवलेली पाने

वास आधी यायचा, चित्र नंतर. संगणकाचे बटण दाबले की आतला पंखा घरघरत जागा होई आणि थोड्याच वेळात खोलीभर तापलेल्या धुळीचा वास पसरे, किंचित जळकट, किंचित गोडसर, बऱ्याच दिवसांनी इस्त्री तापवावी तसा. त्याच्या पाठोपाठ खिडकीतून मंडई आत शिरे. सकाळी ओले गोणपाट आणि मेथी, दुपार कलली की पुदिना. या दोन वासांच्या मध्ये बसून माझ्या पतींनी आयुष्यभर अक्षरजुळणी केली. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, आणि अधूनमधून, पदरमोड करून, एखादा कवितासंग्रह. माझे सगळे संग्रह त्याच खोलीत, त्याच खुर्चीत जुळले.

माझ्या कविता मात्र ते कागदावरून जुळवत नसत. कागद समोर असे, तरी म्हणत, "आधी म्हण." मी म्हणायची. ते डोळे मिटून ऐकत, बोटे कळफलकावर नुसती टेकलेली. मग टाइप करू लागत आणि ओळ भलतीकडेच तुटे.

"अहो, इथे नाही तोडली मी ओळ."

"कागदावर नाही तोडलीस. तोंडाने तोडलीस. माझा विश्वास तोंडावर जास्त."

यावर भांडण होई, चहा होई, आणि बहुतेक वेळा ओळ त्यांच्या जागी तुटलेलीच राही. पान मनासारखे लागले की ते पडदा माझ्याकडे वळवीत. त्या पडद्याची मान कुरकुरे. मग एकच शब्द म्हणत, "वाच." कौतुक, लाजणे, काळजी, सगळे त्या एका शब्दात उरकलेले असे. पुढे काही बोलायचे नाही. मी वाचून होईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत, जणू त्या पानाशी त्यांचा काही संबंध नव्हता.

अक्षरेही त्यांचीच होती. बाजारात मिळणाऱ्या अक्षरांवर त्यांचा राग होता. ल आणि श यांना परके, हिंदी वळण दिलेले त्यांना सहन होत नसे. तेव्हा वर्षानुवर्षे, काम संपल्यावरच्या संध्याकाळी, त्यांनी स्वतःची अक्षरे घडवली. पाकळीचा ल. देठाचा श. पोटात थोडी हवा ठेवलेला ब. जोडाक्षरे तर एकेक करून, दागिना घडवावा तशी. ही अक्षरे त्या एकाच संगणकात राहत आणि ज्या जुन्या प्रोग्रॅमवर ती चालत, तो जुन्या सिस्टीमखेरीज चालत नसे. म्हणून नवी सिस्टीम त्यांनी कधी येऊच दिली नाही.

आमची मुलगी याच क्षेत्रातली. वाघोलीला राहते, संगणकाच्या कंपनीत काम करते. घरी आली की तिचा पहिला टोमणा ठरलेला.

"बाबा, हे मशीन आता म्युझियमला द्या."

"देतो. पण तिकीट लावेन. आणि तुला सवलत नाही."

"निदान एकदा नवीन सिस्टीम वापरून तरी बघा."

"बघितलेल्या वस्तू मग घरात राहायला येतात. आम्ही एकदा तुझ्या आईला बघायला गेलो होतो."

ते रुग्णालयात गेले तेव्हा माझा नवा संग्रह त्यांच्या हातात होता. मी सगळ्या कविता त्यांना म्हणून दाखवल्या होत्या, पाने मात्र पाहिली नव्हती. या खेपेस त्यांनी ती मुद्दाम दाखवली नाहीत. अंगावर पांघरूण ओढून घेत ते म्हणाले, "सगळी लावून ठेवली आहेत. घरी आलो की दाखवतो."

ते घरी आले नाहीत.

संगणकावर मी शिवून घातलेले फुलाफुलांचे आच्छादन तसेच राहिले. मी त्या खोलीतला केर काढी, पण त्या टेबलाला वळसा घालून. पाने आत आहेत, एवढे मला पुरत होते. ठेवणीतले लुगडे घडी न मोडता नुसते आहे म्हणून बरे वाटते, तसे. मग दसरा आला. खंडेनवमीला ते कळफलकाची पूजा करीत. पण पूजेआधी यंत्राच्या सगळ्या भोकांवर चिकटपट्टी लावीत. "देवीने बाहेरूनच आशीर्वाद द्यावा. कुंकू आत गेलं की शॉर्ट होतं," असे त्यांचे म्हणणे. या वर्षी चिकटपट्टी मी लावली. दात लावून तोडली, त्यांच्यासारखीच. हळदीकुंकू वाहिले, झेंडूचे एक फूल ठेवले, चिकटपट्ट्या काढल्या आणि कसे कोण जाणे, बटणही दाबले.

पंखा घरघरला. वास आला. अगदी तोच, तसाच. वासाला काही कळलेले नव्हते. मी पडद्याकडे पाहत उभी राहिले आणि चित्र आलेच नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आणि तिच्याखाली एक लुकलुकती रेघ. पुष्कळ वेळ ती लुकलुकत राहिली, मीही उभी राहिले.

मी फोन केला तशी मुलगी रविवारी दुपारी आली. आल्या आल्या तिने आच्छादन बाजूला केले, घडी न घालता. मी घडी घातली.

"काय केलंस नक्की?"

"पूजा."

"पूजेनं बिघडत नाही गं. तो कधीचा बिघडायच्याच बेतात होता." मग माझा चेहरा पाहून म्हणाली, "तू नाही बिघडवलास, आई. डिस्क जुनी झाली."

तिने पर्समधून एक पेनड्राइव्ह काढला, वेलदोड्याएवढा. "यात एक अख्खी नवीन सिस्टीम आहे. ती बसवायची नाही, नुसती चालवून बघायची. बाबांच्या डिस्कवर काहीच लिहिलं जाणार नाही."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे पाहुण्यासारखं. आपली पिशवी घेऊन यायचं, पिशवीतलेच कपडे घालायचे, कुणाचं कपाट हलवायचं नाही."

"मला तर कपाटच उघडून हवंय."

"उघडू. पण बघण्यापुरतं."

बटण दाबून ती एक कळ पुन्हा पुन्हा टकटक करीत राहिली, बंद दारावर टिचकी मारावी तशी. मग पांढऱ्या ओळी भराभर वर सरकू लागल्या, कुणी घाईने जप उरकावा तशा. मागे पंख्याचा आवाज चढला, तो वास पुन्हा आला. आणि एकाएकी पडदा निळा झाला. एक डोंगर, खाली तळे, तळ्यात डोंगराचे प्रतिबिंब. सुंदर होते. मी आयुष्यात कधी गेले नसेन अशी जागा. ज्या पडद्यावर वर्षानुवर्षे साधा राखाडी रंग होता, डोळ्यांना दुसरे काही दिसायला नको म्हणून, त्याच्यावर हा डोंगर पाहून मला घरात अनोळखी माणूस झोपलेला दिसावा तसे झाले.

मुलीने भाषा मराठी निवडली. चिन्हांखाली मराठी शब्द उमटले. "बघ, किती छान," ती म्हणाली. छानच होते. ल आणि श मात्र परक्या वळणाचे होते. ते असते तर तेवढेच बोलले असते.

"आणि बंद केल्यावर?" मी विचारले.

"विसरतं सगळं. पुढच्या वेळी कोरं. आपण येऊन गेलो हेसुद्धा त्याला कळत नाही."

बोलून झाल्यावर तिला ते ऐकू आले असावे. तिने मान वळवली आणि माऊसची वायर उगाचच सरळ करीत बसली.

पडद्याच्या कोपऱ्यात एक चिन्ह होते, सिस्टीम कायमची बसवण्याचे. "त्याला हात लावू नकोस," ती म्हणाली. "तिथून पुढे गेलं तर बाबांची डिस्क पुसली जाईल." माझा हात माऊसजवळही नव्हता, तरी मी दोन्ही हात मांडीवर घेतले.

मग तिने डिस्क उघडली. यंत्राच्या पोटातून बारीक टिकटिक येऊ लागली, अनियमित, थांबून थांबून. मुलगी ऐकत होती. रुग्णालयाच्या व्हरांड्यात डॉक्टरांचे बोलणे ऐकताना तिचे डोके असेच एका बाजूला झुकले होते.

"आई, ही फार दिवस नाही चालायची. निघतंय तेवढं आताच काढून घेते."

आणलेल्या दुसऱ्या डिस्कवर तिने एकेक गोष्ट उतरवायला घेतली. कुणाकुणाच्या लग्नपत्रिका, बुडालेल्या एका पतसंस्थेचा अहवाल. मध्येच टिकटिक वाढे, एखादी फाइल अडे, ती पुन्हा प्रयत्न करी, सोडून देई. शेवटी माझ्या नावाचा फोल्डर सापडला. आत नवा संग्रह होता.

"उघडू?"

मी मान हलवली.

तो जुना प्रोग्रॅम इथे नव्हता, पण नव्या सिस्टीमने पान उघडले. ते इंग्रजी अक्षरांनी भरलेले होते. सुटी अक्षरे, टिंबे, उलटी प्रश्नचिन्हे, डोक्यावर रेघा घेतलेले कुठले कुठले परदेशी स्वर. पुढचे पान तसेच. त्याच्या पुढचेही. माझा एकही शब्द त्यात नव्हता. वाटले, फोल्डर चुकला. मुलीने दोनदा बंद करून उघडले, आणखी कुठे कुठे शोधले, टिकटिक ऐकली. मग तिने माऊसवरचा हात काढून घेतला.

"पानं आहेत. अक्षरं नाहीत." ती माझ्याकडे न पाहता बोलत होती. "बाबांची अक्षरं जिथे होती तोच भाग गेलाय. त्यामुळे त्या जागी ही भलती दिसताहेत. त्यांची दुसरी प्रत ठेवली होती का कुठे?"

सीड्या होत्या. कपाटात, वरच्या खणात. मी आणून दिल्या. त्यांच्या चकचकीत पाठीवर बुरशीने नक्षी काढली होती, नेच्याच्या पानांसारखी. एकही उघडली नाही.

"मजकूर वाचवता येईल," ती म्हणाली. "दुसरा फॉन्ट लावून, बदलून घेता येतो."

"मजकूर आहे गं माझ्याकडे. कागदावर आहे सगळा."

"मग तुला हवं काय होतं?" आवाज चढला होता तिचा. रागाने नाही, रडू दाबल्याने.

जुन्या संग्रहांत ती अक्षरे आहेत, छापलेली. पाकळीचा ल आहे, देठाचा श आहे. हवे तेव्हा पुस्तक उघडून मी त्यांच्यावरून बोट फिरवू शकते. पण त्या अक्षरांत आता नवी ओळ लिहिली जाणार नाही. माणूस गेल्यावर त्याची छायाचित्रे राहतात, तशी ती राहिली. इतके महिने मी धरून चालले होते की आत एक गोष्ट अजून व्हायची आहे, पाने दाखवायची बाकी आहेत, आणि ती बाकी आहेत तोवर ते पुरते गेलेले नाहीत. ती आशा मी कुणाला बोलून दाखवली नव्हती, स्वतःलाही नाही. त्या उलट्या प्रश्नचिन्हांसमोर ती संपली.

खाली मंडईत दुपारची मरगळ आली होती. कुणीतरी पाणी शिंपडले असावे, पुदिन्याचा वास एकदम वर आला. मुलगी स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेली. मी एकटी, काही करायचे नव्हते म्हणून, पाने खाली सरकवत राहिले.

आणि एका पानावर थांबले.

त्यावरही तीच अगम्य अक्षरे होती. पण वर तीन आखूड ओळी, मग एक लांब, मग पुन्हा दोन आखूड. हा आकार मला माहीत होता. अंधारात आपल्या घराचा जिना पायांना माहीत असतो तसा. मंडईच्या पायरीवर पुदिन्याच्या जुड्या संध्याकाळपर्यंत मान टाकतात, त्यावरची माझी कविता. मी मागे गेले, पुढे गेले. ही सासूबाईंच्या चष्म्यावरची. मुलगी वाघोलीला राहायला गेली त्या दिवसाची ही. एकही अक्षर वाचता येत नव्हते आणि प्रत्येक कविता ओळखता येत होती. प्रत्येक ओळ त्यांनी माझ्या आवाजाबरहुकूम तोडली होती.

मी पुदिन्याच्या पानाकडे परत आले. शेवटच्या ओळीच्या आधी जागा सोडलेली होती. थोडीथोडकी नाही, चार ओळी मावतील एवढी कोरी. माझ्या कागदावर तिथे जागा नाही. मी आतून कागद आणून पाहिला. खरेच नाही, ओळी एकाखाली एक सलग आहेत. मग मला ती दुपार आठवली. ही कविता त्यांना म्हणून दाखवताना शेवटच्या ओळीआधी माझा आवाज लागेना, कारण त्यांच्या तपासणीचा निकाल त्याच सकाळी आला होता. मी थांबले, खाकरले, घोटभर पाणी प्यायले आणि ओळ पुरी केली. ते डोळे मिटून होते. मला वाटले होते, लक्षात आले नसेल.

मुलगी चहा घेऊन आली तेव्हा मी रडत होते. आधी रडत नव्हते असे नाही, पण हे रडणे वेगळे होते आणि ते तिला कळले. तिने कप ठेवले. पडद्याकडे पाहिले, माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिले.

"ही कुठली आहे, हे तुला कळतंय?"

"हो."

"अशी? या अक्षरांत?"

"हो."

"मला तर नुसतं जंतर-मंतर दिसतंय," ती म्हणाली आणि नाक पुसत हसली. मग हसू गेले. तिने माझ्या हातातला कागद काढून घेतला आणि उलटा करून टेबलावर ठेवला. ती लहानपणापासून त्याच खोलीच्या उंबऱ्यावर बसून अभ्यास करीत असे. आम्ही समजत होतो की तिचे आमच्याकडे लक्ष नसते.

तिने दोन्ही हातांनी पडदा धरला आणि माझ्याकडे वळवला. त्याची मान कुरकुरली. मग ती खिडकीबाहेर पाहू लागली आणि म्हणाली,

"वाच."