त्यांची घळ, आमचा माळ

शिट्टी वाजली तेव्हा मी खडीच्या ढिगामागं बसले होते.

मुकादमाची शिट्टी म्हणजे सुरुंग. दगड फोडायला सुरुंग लावला की तो शिट्टी मारायचा, आणि कामावरचं माणूस न् माणूस हातातलं टाकून उठायचं आणि टेकडीकडं बघायचं. जिवाच्या भीतीनं लागलेली सवय. त्या दुपारी शिट्टी वाजली आणि खालची दीडदोनशे माणसं उठून टेकडीकडं बघायला लागली. सुरुंग नव्हता. टेकडीवर मी होते.

सकाळी तो ढीग माझ्या डोक्याइतका होता. पाट्या भरभरून दुपारपर्यंत तो कमरेखाली आला होता. माझ्या ध्यानात आलं नव्हतं. वरच्या दगडावर बसलेल्या मुकादमाच्या मात्र आलं होतं.

"ए, ऊठ की! किती येळ?" तो ओरडला. "का पानी लय पिलीस?"

माणसं हसली. मी अर्ध्यातच उठले. साडी भिजली, पायावरून ओघळ गेला, वहाणेत चिखल झाला. सतरा वर्षांची होते मी. कामावर घ्यावं म्हणून आईची साडी नेसून मोठी दिसत होते. त्याच साडीत मी तशीच खाली उतरले, घमेलं उचललं आणि रांगेत उभी राहिले. दुसरं काय करणार होते?

हसणाऱ्यांत माझा चुलता होता. शेतकऱ्यांच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. आमच्या वस्तीतल्या बाया हसल्या नाहीत, पण एकीनंही मान वर केली नाही. मला सगळ्यांची किळस आली. सगळ्यात जास्त माझी, कारण मीही मान खाली घालून पाट्या वाहत राहिले.

संध्याकाळी मी चुलत्याला विचारलं, "तात्या, तुमी हसला का?"

"मग काय रडू? तू जरा लांब जाऊन बसायचंस."

हा माणूस जयंतीला माईक हातात धरून स्वाभिमानावर अर्धा तास बोलायचा. त्या वर्षीही बोलला होता.

लांब म्हणजे कुठं? म्हसवडच्या बाजूचा माळ तो. नव्वद सालानंतरची गोष्ट. पाऊस गेलेला, पाझर तलावाचं काम निघालेलं, आणि त्या कामावर आख्खं गाव. दुष्काळात लोक पाण्याचं बोलतात, चाऱ्याचं बोलतात. आडोसा जातो ते कोणी बोलत नाही. बऱ्या सालात बाजरी असते, तूर असते, बांधावर तरवडाची झुडपं असतात. बाईमाणसाचं निभून जातं. त्या साली पिकं नव्हतीच. तरवड चुलीत गेला, बाभळी शेळ्यांसाठी छाटून बोडक्या झाल्या. नजर टाकावी तिथवर माळ उघडा, आणि त्या माळावर शंभरभर बाया सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

आडोसा म्हणावा अशी एकच जागा होती, कोरड्या ओढ्याची घळ. पुरुषभर खोल. पहिल्याच दिवशी मुकादमानं हात करून वाटणी केली.

"ह्या बाया घळीत जातील. तुमी बौद्धवाड्यातल्या ढिगामागं जावा. उगं वाद नगं."

वाद कोणीच घातला नाही. पाणवठे वेगळे होते, मसणवटे वेगळे होते, आता ही जागाही वेगळी. शेतकऱ्यांच्या बायांना ते रीतीचंच वाटलं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही. मुकादम त्यांच्यातलाच, जमीनजुमल्याच्या घरचा, भाऊ राजकारणात. आपली खुर्ची त्यानं टेकडीवरच्या सपाट दगडावर मांडून घेतली. तिथून काम दिसतं, असं तो म्हणायचा. तिथून ढीगही दिसायचा आणि घळीचं तोंडही दिसायचं. कोण कधी गेली, कोण एकटी गेली, सगळं दिसायचं. वाटणीमुळं एका वेळी एका बाजूला एखाददुसरीच जायची. ही त्याची हुशारी होती, आणि ती आम्हाला कळली रंजी नावाच्या पोरीवर वेळ आली तेव्हा.

आईनं मला उपाय सांगितला होता. "सकाळी तांब्याभर पानी पी आन मग दिसभर त्वांड उघडू नगंस." ती स्वतः तेच करायची. उन्हात खडी फोडायची आणि पाण्याच्या पिंपाकडं पाठ करून बसायची. तिला लघवीला जळजळ व्हायची, ओटीपोट धरून ती घरी यायची आणि धने टाकून पाणी उकळून प्यायची. वस्तीतल्या अर्ध्या बायांना तेच दुखणं. त्याला कोणी अत्याचार म्हटलं नाही. उन्हाळी लागली म्हणायचे.

पुढं एकदा असल्या कामावरच्या सोयींचा सरकारी कागद माझ्या वाचनात आला. मजुरांना सावली द्यावी, पिण्याचं पाणी द्यावं, लेकरांना पाळणा द्यावा, औषधाची पेटी ठेवावी. सगळं नीट लिहिलेलं. बाईला आडोसा कुठं, ते त्या कागदात मला सापडलं नाही. ज्यांनी लिहिलं त्यांना कधी उघड्यावर बसायची वेळ आलेली नसणार.

रंजी हौसाअक्काची पोर. हौसाअक्काचा नवरा मिल्ट्रीत. दोन एकर कोरडवाहू, त्यात दाणा नाही, म्हणून मायलेकी कामावर यायच्या. रंजी पंधराची. मी ओल्या साडीनं उतरत होते तेव्हा पदराआड हसणाऱ्यांत हौसाअक्का पुढं होती. मी ते मनात धरून ठेवलं होतं.

त्यानंतर आठवडाभरानं, भाकरीच्या सुट्टीत, मी घळीच्या काठाजवळ दगड वेचत होते. सगळी माणसं लिंबाखाली बसली होती. खालून आवाज आला.

"अगं आये!"

एकदाच. मग तोंड दाबल्यासारखा घुसमटता आवाज. दगड घसरल्याचा आवाज.

मी थांबले. हे मला लिहायचंच आहे, म्हणून लिहिते. मी थांबले. पहिला विचार आला, ती त्यांची घळ आहे, आपण उतरायचं नाही. दुसरा विचार त्याहून घाण होता. कळू दे त्यांनाही, असं मला वाटलं. किती वेळ थांबले ते मला नाही सांगता येत. आवाज रंजीचा आहे हे मी ओळखलं होतं, आणि तरी माझे पाय काठावर होते.

मग उतरले. मुकादम होता. एक हात रंजीच्या तोंडावर, दुसऱ्या हातात तिचं पोलकं खांद्यापासून फाटलेलं. पोरीचे डोळे माझ्याकडं. मला बघून तो दचकेल, सोडेल, असं मला वाटलं. त्यानं सोडलं नाही. त्यानं मला दम दिला.

"ए, भायेर व्हय! ही तुमची जागा न्हाई."

पोरीच्या अंगावर हात टाकलेला हा माणूस मला शिवताशिवत शिकवत होता. घळ बाटेल याची त्याला काळजी.  

ओटीत वेचलेले दगड होते. त्यातला एक मी मारला. कानशिलाला लागला. तो कळवळला आणि हात सुटला. मग मी बोंब मारली, आयुष्यात पहिल्यांदा पोटातून बोंब मारली. सगळ्यात आधी हौसाअक्का धावत आली. रंजीनं तिच्या पदरात तोंड खुपसलं. हौसाअक्का माझ्याकडं बघत राहिली.

त्याच दिवशी दिवस मावळायच्या आत मारुतीच्या देवळापुढं बैठक बसली. सगळे पुरुष. आम्ही तिघी बाजूला, मातीत. सरपंचानं पहिला प्रश्न मला विचारला.

"तू घळीत का उतरलीस?"

मुकादम पट्टी बांधून सतरंजीवर बसला होता. तो घळीत का उतरला, हे कोणी विचारलं नाही.

दुसरा प्रश्न हौसाअक्काला. "पोरीच्या जातीनं येकटं जावं कशाला?"

एक म्हातारा म्हणाला, "दुष्काळाचे दिस हायत. काम बंद पडलं तर समद्यांच्या चुली इझतील. झालं गेलं इसरा." सगळ्यांना ते शहाणपणाचं वाटलं. माझा चुलता उठला, हात जोडले. "पोर हाय, चुकलं. दगुड मारायला नगं हुता." माझ्या वतीनं त्यानं माफी मागितली. मला विचारलंसुद्धा नाही.

मी म्हणाले, "मी माफी मागत न्हाई."

"गप बस," चुलता म्हणाला.

"मी माफी मागत न्हाई. त्येनं मागावी."

 बैठक उठली, तंबाखू मळली गेली, माणसं घरी गेली. पुढं महिनाभरात रंजीचं लग्न लावून दिलं, कडेगावकडं, बागायतदार बिजवराशी. पंधराव्या वर्षी. अब्रू राखली म्हणे गावानं. पोरीला हात लावणारा एक, आणि तिला गावाबाहेर काढायला सगळा गाव. लग्नाचं जेवण जेवायला माणसं कमी नव्हती.

मुकादमाला शिक्षा काय? दोन कोसांवर नवं काम निघालं होतं, तिथं पाठवला. खडी फोडायचं काम, तिथंही बायाच जास्त. हे ऐकलं तेव्हा मला त्या गावाचा, त्या देवळाचा, त्या सतरंजीचा वास नाकात आल्यासारखं झालं.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाअक्का आमच्या वस्तीच्या तोंडाशी आली. आत आली नाही, तिथूनच हाक मारली.

"चल."

"कुठं?"

"दगुड उचलायला."

घळीच्या तोंडाला आम्ही भिंत रचली. कोरड्या दगडांची, छातीइतकी, टेकडीवरून आतलं दिसणार नाही अशी. त्यांच्यातल्या सहा बाया आल्या, आमच्यातल्या नऊ. बाकीच्या आल्या नाहीत. काहींनी नाकं मुरडली, काही शेवटपर्यंत पाणी न पिताच राहिल्या. नवीन मुकादम म्हणाला, "ह्ये काम मी मजुरीत धरनार न्हाई."

"नगा धरू," हौसाअक्का म्हणाली आणि पुढचा दगड ठेवला.

ठरलं ते असं. एकटीनं जायचं नाही. दोघी आत, तिसरी तोंडाशी, आणि तिसरीनं कोणत्या वाड्यातली ते बघायचं नाही. आवाज आला की उतरायचं. एवढंच. काम संपेपर्यंत तिथं पुन्हा काही झालं नाही. आई पिंपाकडं जाऊन पाणी प्यायला लागली.

गोड करून सांगायचं नाही मला. हौसाअक्का आमच्या घरात पाणी कधीच प्यायली नाही. भिंतीआड माझ्या शेजारी बसली, पण उंबऱ्याच्या आत आली नाही. मी तेही विसरलेले नाही.

भिंत झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही. दोन कोस चालत त्या दुसऱ्या कामावर गेले. तो तिथंही उंचावर खुर्ची टाकून बसला होता, डोक्याला पट्टी. मी बायांच्या मधोमध उभी राहिले आणि मोठ्यानं सांगितलं. शिट्टीचं सांगितलं, घळीचं सांगितलं, हात कुठं होता ते सांगितलं. रंजीचं नाव सांगितलं नाही. लाज वाटत होती, तरी सगळं सांगितलं.

"तू कोन गं?" एका बाईनं विचारलं.

"त्येनं अर्ध्यातनं उठवल्याली."

तो वरून शिव्या देत होता. माझी जात काढत होता.  मग एका म्हातारीनं हातोडी खाली ठेवली आणि त्याच्या खुर्चीकडं बघितलं. "आमी कुठं जातो ते हितनं समदं दिसत असंल," ती म्हणाली. आणखी दोघीचौघींनी हातोड्या ठेवल्या. खुर्ची खाली येईपर्यंत त्यांनी पुन्हा उचलल्या नाहीत.

पुढं माझं लग्न झालं, मी कुपवाडला आले, कारखान्यात कामाला लागले. एका पावसाळ्यात कृष्णेचं पाणी सांगलीत नदीकाठच्या वस्तीत शिरलं. माणसं शाळेत आणून ठेवली होती. सुट्टीच्या दिवशी मी मदतीला गेले. गळ्यात बिल्ला घातलेला एक कार्यकर्ता मला दाखवत होता, ब्लँकेट, बिस्किटं, खिचडी. "ताई, सगळी सोय चोख आहे बघा."

"बायका कुठं जातात?" मी विचारलं.

तो हसला. तेच हसू. मागं एकच संडास होता, दाराला कडी नाही, आणि समोरच्या पायरीवर त्याच्या हाताखालची पोरं पत्ते खेळत बसलेली. वर्गात बायांच्या पुढ्यात पाण्याचे पेले भरलेले, एकीनंही तोंड लावलेलं नव्हतं. मी दाराला पाठ लावून उभी राहिले आणि वर्गातल्या बायांना हाक मारली. एकेक करून या म्हटलं.

"ताई, उगाच राजकारण करू नका," तो म्हणाला. "ही जागा आमच्या ताब्यात आहे."

"आसंल," मी म्हणाले. "कडी घेऊन या. आन ती पोरं उठवा."

कडी बसायला दुपार झाली. तोवर मी हलले नाही.

मी कोणालाही माफ केलेलं नाही. घळीच्या काठावर थांबलेल्या त्या सतरा वर्षांच्या पोरीलाही नाही. ती तिथं जेवढा वेळ थांबली तेवढा वेळ रंजीच्या तोंडावर तो हात होता, आणि तो वेळ कोणी परत देणार नाही. म्हणून आता पूर असो, दुष्काळ असो, आतून हाक आली की जागा कोणाची हे मी विचारणार नाही. आत शिरणार.