आत्यानं पाहिलेलं स्वतःचं हृदय

आमच्या आत्याला कुठलंही यंत्र बंद झाकणानिशी बघवत नसे. सांवेर रोडवर तिचा पाण्याचे पंप बनवायचा कारखाना होता. यजमान गेल्यावर तो तिनंच चालवला. लग्नाला गेली तरी मांडवामागे जनरेटरवाल्याशी बोलत उभी असायची. "विचारायला काय जातं गं? फार तर हाकलतील."

एके दिवशी कारखान्याचा जिना चढताना तिची शुद्ध गेली. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाची भिंत जाड दिसली, पण चित्र धूसर होतं. डॉक्टरांनी हृदयाचा एमआरआय सांगितला. आम्ही घाबरलो. आत्यानं विचारलं, "डॉक्टरसाब, दीवार मोटी है, ये तो समझ गई. इसमें नया क्या दिखेगा?"

"माताजी, कितनी मोटी है, ठीक से नाप लेंगे. और अंदर दाग हैं क्या, वो भी दिखेगा."

मग त्यांनी समजावलं. शिरेतून एक औषध देतात. निरोगी स्नायूतून ते लवकर निघून जातं, व्रण असेल तिथे रेंगाळतं आणि ती जागा चित्रात पांढरी उमटते.

तपासणी झाल्यावर आत्या चित्रं बघायलाच बसली. मी सोबत होते. पडद्यावर तिचं हृदय आवळत होतं, सैलावत होतं. दोन कप्प्यांमधल्या जाड भिंतीत पांढरे ठिपके होते. ती बराच वेळ बघत राहिली. "बिचारं किती राबतंय," एवढंच म्हणाली. शुद्ध गेली होती, त्यात हे व्रण. ठोके कधीही बिघडू शकत होते. म्हणून तिच्या छातीत, वेळ आली तर शॉक देणारं छोटं यंत्र बसवलं.

तिचा प्रश्न मात्र निराळाच होता. "हे आलं कुठून?" हा आजार बहुतेकदा घराण्यातून येतो, असं डॉक्टर म्हणाले. माझे आजोबा, म्हणजे तिचे वडील, ऐन तरुणपणी बेटम्याच्या बाजारात उभ्याउभ्या कोसळले होते. घरात सगळे 'लू लागली', म्हणजे ऊन बाधलं, असं म्हणत. आत्यानं आम्हा सगळ्यांना तपासणीला धाडलं. मी टाळत होते.

"मला काही होत नाही, आत्या."

"मला पण कुठे होत होतं?"

बाबांची आणि माझीही भिंत जाड निघाली. मी एमआरआयमधून बाहेर आले तेव्हा आई डोळे पुसत होती. आत्यानं विचारलं, "तुला आत कसला आवाज आला? मला तर पत्रे ठोकतायत असं वाटलं." मी हसले, मग सांगत बसले. सांगता सांगता भीती कधी ओसरली, कळलं नाही. माझ्या हृदयात व्रण नव्हते. गोळ्या चालू आहेत, दरवर्षी दाखवून येते.

गेल्या हिवाळ्यात आत्या न्यूमोनियानं गेली. मंडळी अंत्ययात्रेच्या तयारीला लागली, तेव्हा मी आधी तिच्या छातीतलं ते शॉकचं यंत्र काढून घ्यायला डॉक्टरांना फोन लावला. ते यंत्र अंगात ठेवून दहन करायचं नसतं, आगीत ते फुटू शकतं. आत्यानं हे कधीच विचारून घेतलं होतं आणि मला बजावून ठेवलं होतं, "तू लक्षात ठेव. बाकीचे रडण्यात विसरतील."