डोंगराच्या गाण्याची चौथी ओळ

पाद्रींनी मग्दालेना असं नाव ठेवलं होतं, तरी आमच्या घरात मावशी नेकावालच राहिली. लहानपणी तिच्या आईने नवस फेडायला तिला वर्षभर मोठ्या देवळात ठेवलं होतं. तांबडं फुटायच्या आत तिच्यासारख्या बाराजणी तिथल्या पायऱ्या झाडायच्या. मग समुद्रापलीकडून पाद्रींचे लोक आले, लढाई झाली, पाठोपाठ देवीची साथ आली. त्या देवळाचे दगड आता चर्चच्या भिंतीत बसलेत. मावशी जाता-येता त्यांवरून हात फिरवायची. "ही बघ खालची पायरी. इथेच मी आपटले होते." मला सगळे दगड सारखेच दिसायचे.

एक दिवस पाद्रींनी तिला बोलावणं धाडलं. जुन्या देवांचं नाव काढलं म्हणून फटके बसलेले मी पाहिले होते. पण त्यांना फक्त जुने सण लिहून ठेवायचे होते. आमच्या भाषेत अडखळत त्यांनी विचारलं, "बाई, डोंगरांच्या सणाला काय गायचात?"

मावशी गायला लागली. तीन ओळी झाल्या आणि ती थांबली ती थांबलीच.

घरी आल्यावर तिने भाकरीला हात लावला नाही.

"रागावले का गं ते?" मी विचारलं.

"रागावले असते तर बरं. चौथी ओळच गेली गं माझी."

दुसऱ्या दिवशी होडी करून आम्ही तळ्यापलीकडच्या शोचिमिल्को गावी गेलो. त्या बाराजणींतली त्लाको तेवढी तिथे उरली होती. तिला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं.

"कोण ते?"

"तुझ्या वेणीत झाडूच्या काड्या खोचणारी."

"अगं मेले! जिवंत आहेस होय अजून?"

दोघी गळ्यात गळा घालून रडल्या, मग गायला बसल्या. तिसऱ्या ओळीनंतर त्लाकोही अडली. मग ती खुदकन हसली. "अगं वेडे, तिथे देवळातल्या मोठ्या बाई एकट्या गायच्या. आपण नुसतं तोंड हलवायचो!"

मावशी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "आणि मी रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या!"

मग त्लाकोने राजगिऱ्याचं पीठ काढलं. पाकात मळून दोघींनी एक डोंगरदेव केला, घेवड्याचे डोळे, भोपळ्याच्या बियांचे दात लावून. त्लाको बोटांनी चाचपून म्हणाली, "डोळा तिरपा लावलास. तेव्हाही असाच लावायचीस." सणाला करायचे तसा त्यांनी तो मोडला आणि तिघींनी खाल्ला.

परतल्यावर मावशीने पाद्रींना सांगितलं, "चौथी ओळ मोठ्या बाईंची होती. मला ती कधी येतच नव्हती." त्यांनी तेवढी जागा कोरी सोडली.

पुढच्या थंडीत त्लाको गेली. निरोप आला तेव्हा मावशी तव्यावर भाकरी टाकत होती. तिने तवा उतरवला आणि दारात जाऊन बसली. आग्नेयेला, ज्याचा सण असायचा त्या धूर सोडणाऱ्या डोंगरावर बर्फ लख्ख दिसत होतं. "आज कसा स्वच्छ दिसतोय बघ," एवढंच ती म्हणाली.