पान उलटल्यावर मात्रा

टायपिस्टबाईंना संगणकावर एंटर दाबायची तीस वर्षांची सवय. मथळा पानाच्या तळाशी एकटाच लोंबकळला, की चार वेळा एंटर मारायचे, मथळा गेला पुढच्या पानावर. छापखान्यामागच्या खोलीत त्यांनी अशीच शेकडो पुस्तकं लावली. कुणी कधी बोट ठेवलं नाही.

मग इस्पितळाची औषधपुस्तिका आली. परिचारिकांनी खिशात ठेवायची, दीडशे पानी. डॉक्टर रोज एखादी ओळ वाढवायचे. पंधराव्या पानावर ओळ वाढली, की तिथून शेवटापर्यंत बाईंचे सगळे एंटर कोलमडायचे. चौथ्या प्रुफाला मोठ्या सिस्टर स्वतःच आल्या आणि एक पान उघडून समोर धरलं. औषधाचं नाव तळाला, मात्रा पान उलटल्यावर.

"बाई, वॉर्डात आमच्या एका हातात सुई असते. पान उलटायचं कुणी?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी सुनेने फाइल पाहिली. तिचं ऑफिसचं कामच अहवाल तयार करायचं.

"अहो आई, हा मथळा आहे हे मशीनला कुठे ठाऊक आहे? तुम्ही नुसती अक्षरं जाड केलीत."

"मग काय, ओळख करून देऊ त्याची?"

"तेच तर करायचंय!"

दोघी जेवणाच्या टेबलाशी बसल्या. मथळ्याला मथळा म्हणून खूण करायची, तक्त्याला तक्ता म्हणून. मग नियम एकदाच सांगायचा: मथळ्याने खालच्या मजकुराची साथ सोडायची नाही, तक्त्यातली ओळ मध्येच तुटायची नाही. बाईंनी सगळं वहीत उतरवून घेतलं. पुढचे आठ दिवस त्या जुने एंटर वेचून काढत होत्या. बोट सवयीने तिकडेच जायचं, आणि त्या स्वतःच्याच हातावर चापट मारायच्या.

छपाईच्या आदल्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. "फक्त तीन ओळी वाढवायच्यात हो, पहिल्याच प्रकरणात."

बाईंनी ओळी घातल्या. पानं सरकली. चष्मा पुसून त्यांनी एकेक पान पाहिलं. प्रत्येक औषधाखाली त्याची मात्रा होती. अनुक्रमणिकेतले आकडेही एक कळ दाबताच बदलले.

"झालं, डॉक्टर."

"इतक्यात?"

"हो. अजून काही राहिलं असेल तर सांगून टाका."

छापलेली पुस्तिका सिस्टरांनी उभ्याउभ्याच चाळली. पिशवीतून प्रसूती विभागाची हाताने लिहिलेली जाडजूड वही काढली आणि टेबलावर ठेवली.

"ही कधी द्याल?"

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "आधी बसा तर खरं. यात मथळे कुठले, ते मला सांगा."